गाडी विकत घ्यावी की लीजवर? दिव्यांग व्यक्तीच्या घरासाठी हिशोबाचा एक पाठ



दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात जीएसटीची उदाहरणे मुलं पटापट सोडवतात. पण तोच हिशोब घरात करायची वेळ आली की मोठी माणसंसुद्धा गोंधळतात. आज असाच एक घरातला हिशोब घेऊ या. घरातली एखादी व्यक्ती दिव्यांग आहे आणि तिच्यासाठी चारचाकी हवी आहे. गाडी विकत घ्यायची, की महिन्याला ठरावीक रक्कम भरून लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर घ्यायची?

हा प्रश्न चैनीचा नाही, बरं का. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके. अकोल्याहून नगरला जिल्हा रुग्णालयात यायचं म्हटलं तर एका बाजूचंच अंतर शंभर किलोमीटरहून जास्त भरतं. एसटीत सवलत आहे, पण एसटीच्या पायऱ्या चढता आल्या तर तिचा उपयोग! जामखेड, पाथर्डी, पारनेरच्या आडगावात नेमणूक झालेल्या दिव्यांग शिक्षकाची नोकरी किंवा बारावीनंतर कॉलेजला जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचं शिक्षण कित्येकदा एवढ्या एका गोष्टीवर अडतं. म्हणून निर्णय घाईने नको आणि शोरूममधल्या माणसाच्या भरवशावर तर नकोच.

१. आधी शब्द समजून घेऊ

विकत घेणे म्हणजे गाडी तुमच्या नावावर. कर्ज काढलं तर आरसीवर बँकेचा बोजा चढतो, पण मालक तुम्हीच. हप्ते फिटले की बोजा उतरतो.

लीजमध्ये तुम्ही गाडी वापरण्याचे पैसे भरता. बहुतेक वेळा गाडी कंपनीच्या मालकीची राहते. विमा, सर्व्हिसिंग, टायर हा खर्च बहुधा महिन्याच्या रकमेतच धरलेला असतो. मुदत संपली की गाडी परत. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा असते, वर चालवली तर जादा पैसे. मारुती सुझुकीने २०२० मध्ये अशी ‘सबस्क्रिप्शन’ योजना मोठ्या शहरांत सुरू केली, त्यात पुणेही आलं. इतर कंपन्यांच्याही योजना आहेत, मात्र त्यांचा सगळा भर शहरांवर आहे. तुमच्या तालुक्यात गाडी पोहोचवणार का आणि बंद पडली तर कोण येणार, हे आधी विचारायला हवं.

२. परदेशात लीज का चालते?

इंटरनेटवर शोधलं तर ‘दिव्यांगांनी लीजच घ्यावी’ असा सल्ला भरपूर सापडतो. त्यातला बराचसा ब्रिटनमधला असतो. तिथे १९७७ मध्ये ‘मोटॅबिलिटी’ ही योजना सुरू झाली. ज्याला सरकारकडून हिंडण्याफिरण्यासाठीचा वरच्या दराचा भत्ता मिळतो, तो माणूस तो भत्ता थेट योजनेकडे वळवतो आणि त्याबदल्यात साधारण तीन वर्षांसाठी गाडी घेतो. विमा, दुरुस्ती, टायर सगळं त्यात. हाताने चालवायची यंत्रणासुद्धा गाडी देतानाच बसवून मिळते. तीन वर्षांनी नवी गाडी.

म्हणजे तिथे लीज परवडते, कारण तिच्या मागे सरकारी भत्ता उभा आहे. आपल्याकडे मदतीची रचनाच वेगळी आहे. इथे दर महिन्याला गाडीसाठी भत्ता नाही. इथे सवलती आहेत आणि त्या बहुतेक सगळ्या मालकीला चिकटलेल्या आहेत. आजच्या पाठाचा हा गाभा. ब्रिटनचा सल्ला इथे जसाच्या तसा लावला तर हिशोब चुकणारच.

३. कोणत्या सवलती मालकीला चिकटलेल्या आहेत?

(अ) मोटार वाहन कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर लागतो. दिव्यांग व्यक्तीच्या नावावर आणि तिच्या वापरासाठी असलेल्या गाडीला करमाफी मिळू शकते. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. कंपनीच्या नावावर नोंदलेल्या गाडीचा कर तर व्यक्तीच्या गाडीपेक्षाही जास्त असतो आणि तो शेवटी लीजच्या हप्त्यातूनच वसूल होतो.

(आ) आरसीवरची नोंद. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीचा नमुना २० बदलला. आता मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करता येते. पुढच्या बऱ्याच सवलती या एका नोंदीवर अवलंबून असतात, म्हणून फॉर्म भरताना एजंटवर सोडू नका, स्वतः वाचा.

(इ) विमा. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदल केलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात ५० टक्के सूट देण्याची तरतूद मोटार विम्याच्या दरपत्रकात आहे. बदलाची नोंद आरसीवर हवी. विमा घेताना आपण मागितली नाही तर ही सूट सहसा कोणी सांगत नाही.

(ई) टोल. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांत दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला टोलमाफी आहे. त्यासाठी सूट असलेला फास्टॅग वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो.

(उ) जीएसटी. इथे मात्र चित्र बदललंय. पूर्वी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. ४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असलेल्यांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर १८ टक्के दर मिळायचा, उपकर माफ. अट अशी की पाच वर्षं गाडी विकायची नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) सर्वांनाच १८ टक्के दर लागू झाला. म्हणजे गाडी सगळ्यांना स्वस्त झाली, पण दिव्यांग व्यक्तीला मिळणारा फरक शून्यावर आला. जुने व्हिडिओ बघून ‘जीएसटीचे पन्नास हजार वाचतील’ असं गृहीत धरू नका.

४. लीजची खरी अडचण: गाडीत बदल

डावा पाय कमजोर असेल तर गोष्ट सोपी आहे. क्लच नसलेली एएमटी किंवा ऑटोमॅटिक गाडी घेतली की बहुतेकांचं काम भागतं. उजवा पाय कमजोर असेल तर ॲक्सिलरेटर डावीकडे घ्यावा लागतो. दोन्ही पाय कमजोर असतील तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचा दांडा बसवावा लागतो. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी किंवा आईसाठी बाहेरच्या बाजूला फिरणारं आसन लागू शकतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल मंजूर यंत्रणेचाच हवा आणि तो आरसीवर चढवावा लागतो. ही जबाबदारी मालकाची. लीजच्या गाडीत मालक कंपनी असते. तिची लेखी परवानगी लागेल आणि परत देताना गाडी पूर्ववत करून द्या, असंही ती म्हणू शकते. गल्लीतल्या गॅरेजमधून परस्पर दांडा बसवला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. वाहनांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे, तशी आपल्या नगरची व्हीआरडीईसुद्धा आहे, हे वर्गात जरूर सांगा. शिवाय अशा किटवरचा जीएसटी २०२१ पासून ५ टक्के आहे, बिल तपासून घ्या.

दुसरी गोष्ट लायसन्सची. ड्रायव्हिंग स्कूलकडे हाताने चालणारी गाडी सहसा नसते. म्हणून शिकायचं आणि परीक्षा द्यायची ती स्वतःच्याच बदल केलेल्या गाडीवर. क्रम असा: लर्निंग लायसन्स, गाडी, बदल, सराव, मग परीक्षा. भाड्याच्या गाडीवर हा क्रम जुळवणं अवघड जातं.

आणि हो, दिव्यांग व्यक्ती स्वतः गाडी चालवत नसेल तरी हताश होऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली ‘अनुकूलित वाहना’ची व्याख्या दिव्यांगाने किंवा त्याच्यासाठी वापरायच्या गाडीला लागू होते.

५. आता हिशोब मांडू

पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हीच पद्धत वापरा. इंधन दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडून दिलं आहे. मुदत पाच वर्षं.

*विकत घेतली तर:*
- गाडीची मूळ किंमत ५,००,००० + १८ टक्के जीएसटी ९०,००० = ५,९०,०००
- विमा आणि इतर ३०,०००, करमाफी मिळाली असे धरून एकूण ६,२०,०००
- कर्ज ५,००,०००, म्हणून सुरुवातीला हातातून १,२०,०००
- ९ टक्के दराने ६० हप्ते: १०,३७९ × ६० = ६,२२,७४०
- हाताने चालवायचे किट ४०,०००
- सर्व्हिसिंग ५ × ८,००० = ४०,०००
- पुढच्या चार वर्षांचा विमा ४ × १८,००० = ७२,०००
- एकूण खर्च ८,९४,७४०
- पाच वर्षांनी विकून आले २,६०,०००
- निव्वळ खर्च ६,३४,७४०, म्हणजे महिन्याला सुमारे १०,५७९

*लीजवर घेतली तर:*
- महिना १६,००० × ६० = ९,६०,०००
- किट ४०,००० आणि शेवटी काढण्याचा खर्च १०,०००
- एकूण १०,१०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे १६,८३३

फरक ३,७५,२६० रुपयांचा. करमाफी मिळाली नाही असं धरून विकत घेण्याच्या खर्चात ६४,९०० मिळवले, तरी विकत घेणंच स्वस्त पडतं. मात्र एक गोष्ट नीट बघा. विकत घेताना पहिल्याच महिन्यात १,२०,००० आणि किटचे ४०,००० हातात हवेत. ज्या घरात ते नाहीत, तिथे ‘स्वस्त’ पर्यायच अवघड होतो. अशा वेळी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी करा. चांगल्या स्थितीतली जुनी एएमटी गाडी हाही प्रामाणिक पर्याय आहे.

६. मग लीज कधीच नको का?

तसं नाही. पुढील परिस्थितीत लीजचा विचार करावा.

- आजार वाढत जाणारा असेल. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारात आज पुढच्या सीटवर बसणाऱ्या मुलाला तीन वर्षांनी व्हीलचेअरसकट आत घेणारी गाडी लागू शकते. पाच वर्षांच्या कर्जात अडकण्यापेक्षा छोटी मुदत बरी.
- गरज तात्पुरती असेल. अपघातानंतर वर्षभर फिजिओथेरपीला जायचं आहे, पुढे चालता येण्याची आशा आहे, तर गाडीची मालकी कशाला?
- गाडीत बदलच करायचे नसतील, राहणं पुण्या-मुंबईत असेल आणि कंपनी स्वतःच लीजची सोय देत असेल. खासगी नोकरीत अशी लीज पगारातून जाते आणि आयकरातही फायदा होऊ शकतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मात्र ही सोय नाही.

ग्रामीण भागात तिसरा मार्गही आहे, तो म्हणजे गावातलीच गाडी ड्रायव्हरसह महिन्यावर ठरवणे. आठवड्यातून दोनच फेऱ्या असतील तर तो दोन्हींपेक्षा स्वस्त पडतो. फक्त ड्रायव्हरच्या वेळेवर आपण अवलंबून राहतो. स्वतः दार उघडून, स्वतःच्या वेळेला निघता येणं याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हे ज्याने त्याने ठरवावं. पण ते लिहायला विसरू नका. आणि हा निर्णय घरातल्या दिव्यांग व्यक्तीला समोर बसवून घ्या, तिच्या माघारी नको.

७. कागदपत्रांची यादी

यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र (४० टक्के किंवा जास्त), आधार, पत्त्याचा पुरावा, गाडीचे बिल, विमा, बदलाचे किट मंजूर असल्याचा कागद. नगर भागासाठी एमएच-१६ चे आरटीओ कार्यालय, तर जिल्ह्याच्या उत्तर भागासाठी श्रीरामपूरचे एमएच-१७. दोन्हीकडे जाण्याआधी अर्जाची दुसरी प्रत काढून त्यावर पोच घ्या.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता नववी-दहावी)

१. मूळ किंमत ५,००,००० असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीची जुन्या दराने (२८ + १ टक्के) आणि १८ टक्के दराने किंमत काढा. पूर्वी दिव्यांग ग्राहकाचे किती रुपये वाचत? (उत्तर: ५५,०००)

२. वरच्या उदाहरणात गाडी पाच वर्षांनी २,६०,००० ऐवजी १,८०,००० ला विकली गेली तर महिन्याचा खर्च किती? तरीही विकत घेणेच स्वस्त का?

३. आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत व्हीलचेअर नेऊन पाहा. कुठे अडते याची यादी करून मुख्याध्यापकांना द्या.

तिसरा प्रश्न गणिताचा नाही, हे खरं. पण गाडी दारात आली आणि शाळेच्या पायरीवर अडली, तर वरचा सगळा हिशोब वाया जाईल. म्हणून तो तिसरा प्रश्न आधी सोडवायला घ्या.