एका लॅपटॉपला दोन मॉनिटर: आधी पोर्ट बघा, मग पाकीट उघडा



आपल्या ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, लॅपटॉप एकच आहे. पण बिलिंग, डिझाइन आणि गिऱ्हाईकाला दाखवायला वेगळी स्क्रीन हवी. नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल का?" बहुतेक वेळा नाही लागत. फक्त वस्तू घेण्याआधी आपला लॅपटॉप काय काय करू शकतो, ते तपासायचं. नाहीतर डॉक, केबल, कन्व्हर्टर असं सगळं ड्रॉवरमध्ये पडून राहतं. धंदा नवीन असताना दोन-चार हजारही मोठे असतात.

१. मॉनिटर कशासाठी हवाय?

वेळ वाचणार असेल किंवा चूक टळणार असेल, तरच खर्च करा. माझं प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिकेचं प्रूफ मी गिऱ्हाईकाकडे तोंड केलेल्या मॉनिटरवर दाखवतो. नावातली वेलांटी तिथल्या तिथे दुरुस्त होते. तीच चूक छापल्यावर सापडली तर कागद, शाई आणि वेळ, तिन्ही आपल्याच खिशातून जातात. अशा कामाला आणि बिलिंगला १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी मॉनिटर पुरतो. फोर-के लागतोच असं नाही.

२. पोर्ट ओळखा

एचडीएमआय पोर्ट असेल तर पहिला मॉनिटर सरळ जोडा. दुसऱ्यासाठी यूएसबी-सी पोर्ट बघा. इथेच बरेच जण फसतात. यूएसबी-सीचं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, पण प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगचे असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर काम होईल. चिन्ह नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलची माहिती वाचा. तिथे 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' किंवा 'थंडरबोल्ट' लिहिलेलं असायला हवं.

घरी जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर तोही वापरा. त्यासाठी 'एचडीएमआयवरून व्हीजीए' असा कन्व्हर्टर मागा. 'व्हीजीएवरून एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे. ती उलटी चालत नाही.

३. पोर्ट कमी पडत असतील तर?

स्वस्त म्हणून एचडीएमआय स्प्लिटर घेऊ नका. तो एकच चित्र दोन्ही मॉनिटरवर दाखवतो. इकडे बिल, तिकडे डिझाइन असं त्यात होत नाही.

यूएसबी-सीमधून चित्र येत असेल तर दोन एचडीएमआय असलेला डॉक चालू शकतो. विंडोज लॅपटॉपवर डॉकमध्ये एमएसटी आहे का, हे विचारून घ्या. मॅकबुकवर एमएसटीचा उपयोग होत नाही, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. शिवाय एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालतो.

अशा वेळी डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर कामाला येतो. तो साध्या यूएसबी ३ पोर्टवरही चालतो, पण त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार येतो. बिलिंग, एक्सेल, प्रूफ दाखवणं यासाठी उत्तम. व्हिडिओ एडिटिंगसाठी मात्र तो घेऊ नका.

४. सेटिंगमध्ये एक धोका आहे

विंडोजमध्ये कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात. त्यातला 'एक्सटेंड' निवडा. 'डुप्लिकेट' राहिलं तर तुमची स्क्रीन जशीच्या तशी गिऱ्हाईकासमोर जाते. म्हणजे खरेदीचा दर, दुसऱ्या पार्टीची उधारी, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, सगळं! मार्जिन एकदा दिसलं की घासाघीस तिथूनच सुरू होते.

मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर टेबलावर जसे ठेवलेत तसेच ओढून मांडा, म्हणजे माउस योग्य बाजूने सरकेल. बिलिंगची स्क्रीन 'मेन डिस्प्ले' करा. एखादी विंडो दुसऱ्या मॉनिटरवर पाठवायची असेल तर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा.

५. घेताना

शक्य असेल तर लॅपटॉप दुकानात घेऊन जा. तिथेच दोन्ही मॉनिटर जोडून, दोन्हींवर वेगवेगळी फाइल उघडून बघा. बिल घ्या, आणि चाललं नाही तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणखी एक गोष्ट. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मॉनिटर बंद पडतो. काउंटरचा मॉनिटर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या.

आजचा गृहपाठ

एका कागदावर तीन ओळी लिहा. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, त्यावरचे सगळे पोर्ट, आणि कोणत्या स्क्रीनवर कोणतं काम होणार. तिसरी ओळ भरता आली नाही तर समजा, दुसऱ्या मॉनिटरची अजून गरज नाही. ते पैसे मालात घाला. आणि तिन्ही ओळी भरल्या, तर तोच कागद घेऊन दुकानात जा. मग दुकानदार त्याच्याकडे असेल ते तुमच्या गळ्यात मारू शकणार नाही, तुम्हाला हवं तेच द्यावं लागेल.