धुराचं नाव विचारा

नाटकाच्या नावाने गोड पदार्थ विकण्याची टूम आजची नाही. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा मुदपाकखाना ऑग्युस्त एस्कॉफिए सांभाळत होते. नेली मेल्बा ही ऑस्ट्रेलियन गायिका तेव्हा कॉव्हेंट गार्डनला वाग्नरच्या ‘लोहेनग्रीन’मध्ये गात होती. त्या ऑपेरात नायक येतो तो हंसाने ओढलेल्या नावेतून. एस्कॉफिएंनी बर्फाचा हंस कोरवून घेतला, त्याच्या पंखांमध्ये चांदीचं भांडं बसवलं, त्यात व्हॅनिला आइस्क्रीम आणि वर पीच. रास्पबेरीचा लालचुटुक रस नंतर आला आणि ‘पीच मेल्बा’ जगभर पोचलं. मला त्यातला हंस फार आवडतो. होता दिखाऊच, पण बिनकामाचा नव्हता. आइस्क्रीम गार ठेवत होता. आणि वितळला तरी त्याचं पाणीच होणार होतं.

आता मुंबईतली गोष्ट. आमच्या नाटकवेड्या घरात कुणीतरी बातमी आणली, की एका नव्या रेस्टॉरंटात ‘तिसरी घंटा’ नावाचं सन्डे मिळतं. मग काय, पार्ल्याला दीनानाथमध्ये दुपारचा प्रयोग बघून भाची, तिची सात वर्षांची लेक आणि मी, अशा तिघी तिथे जाऊन थडकलो. किंमत ६९५ रुपये, कर वेगळा. एवढ्या पैशांत शिवाजी मंदिरच्या मध्यंतरातले बटाटेवडे किती आले असते, हा हिशेब माझ्या पिढीच्या मनात आपोआप होतो. तो बाजूला ठेवला.

थाट मात्र बघण्यासारखा होता. काळ्या लाकडी पाटावर काचेचा बसका वाडगा, त्याच्या तोंडावर लाल रंगवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा चुण्यांचा पडदा. आत काय आहे ते दिसत नव्हतं. वेटरने पितळी घंटा वाजवली. पहिली, दुसरी, तिसरी. आजूबाजूच्या टेबलांवरचे फोन वर झाले. मग त्याने बाजूच्या फटीतून किटलीतलं गरम पाणी सोडलं, आणि वाडग्यातून पांढरा धूर उसळून पाटावरून खाली लोळायला लागला. शेवटी गरम सॉस पडद्यावर, पडदा कोसळला, आतून आइस्क्रीमचे तीन गोळे आणि चॉकलेटचा मुखवटा. टाळ्या.

टाळ्या संपेपर्यंत पोरीने लांब चमचा आत घातला होता. वर आला तो बिस्किटाच्या चुऱ्यासकट. त्या चुऱ्यात हरभऱ्याएवढा पांढरा खडा होता आणि तो धुमसत होता. मी तिचं मनगट धरलं. वेटर हसून म्हणाला, “कुछ नहीं मॅडम, सिर्फ बर्फ है.”

तो बर्फ नव्हता, हे मला ठाऊक होतं, कारण हौशी नाटकांचं बॅकस्टेज मी बरीच वर्षं सांभाळलंय. रंगमंचावर स्वर्ग, स्वप्न किंवा स्मशान दाखवताना जमिनीलगत सरपटणारा धूर लागतो, तो ड्राय आइसचा. पिंपात पाणी तापवायचं, जाळीच्या टोपलीतून खडे त्यात सोडायचे, की धूर पाइपातून बाहेर. ते खडे आम्ही कधी उघड्या हाताने धरले नाहीत. जाड हातमोजे आणि चिमटा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. एक किलोचा सुमारे पाचशे लिटर वायू होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवला तर बाटली फुटते. दिसतो तो धूर म्हणजे गारठलेल्या हवेतली वाफ, त्याचं फारसं काही नाही. पण खडा जिभेला चिकटला तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते, आणि पोटात गेला तर आतल्या अस्तराला तेच होतं, वर वायू फुगतो तो वेगळाच.

ही माझी भीती उगाच नाही. २०२४च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत जेवणानंतर मुखवास म्हणून दिलेल्या ड्राय आइसने पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं, त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. त्याच सुमारास बंगळुरूला एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये धुराचं पान खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या पानात होता द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. त्या मे महिन्यात तमिळनाडूच्या अन्न सुरक्षा विभागाने बजावलं, की द्रव नायट्रोजन पूर्ण उडून गेल्याशिवाय पदार्थ गिऱ्हाइकापुढे ठेवायचा नाही. सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. नायट्रोजनने आइस्क्रीम झटपट गोठवणं हा दोष नाही, ताटात येताना तो शिल्लक असणं हा आहे. ड्राय आइसही भांड्याखाली वेगळ्या कप्प्यात असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या वाडग्यात कप्पा होता, पण वरच्या जाळीची भोकं मोठी होती, आणि खडे फोडताना बारीक चुरा झालेला.

तेव्हा ऑर्डर देण्याआधीच धुराचं नाव विचारा. ‘स्मोक’ म्हणजे काय, ड्राय आइस की नायट्रोजन, आणि तो खाण्याच्या भांड्यात आहे की बाहेर? वेटरला सांगता आलं नाही तर त्याच्यावर चिडू नका, शेफला विचारून यायला सांगा. त्यालाही सांगता आलं नाही, तर “धूर नको, बाकी द्या” म्हणा. बरोबर लहान मूल असेल तर धूर पूर्ण विरेपर्यंत चमचा तुमच्याकडे ठेवा, आणि पहिला घास तळ ढवळून बघितल्यावरच द्या. वाडग्यात उरलेला खडा पाण्याच्या पेल्यात टाकून मुलांना गंमत दाखवणारे काका प्रत्येक घरात असतात; त्यांना आवरा, ते पाणी नंतर कुणीतरी पितं. चुकून खडा गिळला गेलाच तर ओकारी काढायच्या भानगडीत न पडता सरळ इस्पितळ गाठा, आणि काय पोटात गेलंय ते नाव घेऊन सांगा. अशा वेळी ‘बर्फ’ म्हटलंत तर डॉक्टरही फसतील. सुका मेवा बाधत असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. पडदा, मुखवटा, चुरा एवढ्या भानगडीत बदामाची पूड कुठे असेल सांगता येत नाही.

मॅनेजर आला, वाडगा उचलला, दुसरा बिनधुराचा आणला. माणूस समजूतदार होता. त्या दुसऱ्या वाडग्यामुळे आइस्क्रीमकडे नीट लक्ष गेलं, आणि आमच्या चेहऱ्यांवरची रयाच गेली. जिभेवर तुपकट थर बसत होता, दुधाची गोडी नव्हती. आपल्याकडे आइस्क्रीम म्हणवून घ्यायला किमान १० टक्के दुधाची चरबी लागते. तिच्या जागी वनस्पती तेल आलं की ते ‘फ्रोझन डेझर्ट’. दुकानातल्या डब्यावर हे छापलेलं असतं, वाडग्यावर कोण छापणार? म्हणून आधी एक साधा गोळा मागवून चाखावा. चवीशिवाय थाट म्हणजे संहितेशिवाय नेपथ्य.

बिलात ‘सेवाशुल्क’ १० टक्के आपसूक आलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या सूचनांप्रमाणे ते असं परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. शांतपणे काढायला सांगावं, काढतात. नाही काढलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. खाण्याबद्दलची तक्रार मात्र अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि तिच्यासाठी बिल जपून ठेवा. त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो.

पोरीचा हिरमोड झाला होता, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही घरीच नाटकाच्या नावाचं एक सन्डे केलं. ऑफेनबाखच्या १८६४च्या ‘ला बेल एलेन’ या ऑपेरेटावरून नाव पडलेलं, ‘पोआर बेल एलेन’. घट्ट नासपती सोलून, पातळ साखरपाण्यात सुरी सहज शिरेपर्यंत मंद शिजवायची, त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. काचेच्या वाटीत चांगलं व्हॅनिला, वर निथळलेली नासपती. डार्क चॉकलेट आणि तेवढ्याच वजनाचं क्रीम एकत्र गरम करून ते टेबलावर, सगळ्यांसमोर ओतायचं. ओतण्याचं काम पोरीकडे होतं, छोट्या दुधाच्या भांड्यातून, दोन्ही हातांनी. चॉकलेट गार गोळ्याला लागून आवळतं आणि कडेला आइस्क्रीम पाघळतं, ते जेमतेम मिनिटभर तसं राहतं. तेवढ्यात खायला सुरुवात करा. फोटो काढायचाच असेल तर ओतण्याआधी काढून घ्या.