बंद दार आणि कर्त्याची इच्छा

दृष्टांताने प्रमेय सुगम होते, हे ‘दृष्टांतपाठा’च्या अभ्यासकांस सांगणे नको. तेथे सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असा क्रम आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञही कल्पित दृष्टांत योजतात. परंतु त्यांच्याकडे दार्ष्टांतिक बहुधा वादासाठी मोकळे सोडलेले असते. इच्छास्वातंत्र्याविषयीचे असे दोन दृष्टांत येथे विचारार्थ घेतले आहेत.

पहिला इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याचा, १६९० सालच्या ग्रंथातील. एक मनुष्य गाढ निद्रेत असता त्यास उचलून एका खोलीत नेले आणि दार पक्के बंद केले. ज्या व्यक्तीच्या भेटीची त्यास उत्कंठा होती, तीच तेथे आहे. तो जागा होतो, हर्षित होतो आणि आनंदाने तेथेच राहतो. त्याचे राहणे स्वेच्छेने झाले काय? झाले. तो जाण्यास मोकळा होता काय? नव्हता. म्हणजे स्वेच्छा आणि स्वातंत्र्य ही एक नव्हेत.

येथे शंका अशी, की त्याने दार लोटून पाहिलेच नाही. मग बंद दाराचा त्याच्या राहण्याशी संबंध कोणता? हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६९ साली हे दार जणू अंतःकरणातच नेले. ब्लॅक नामक पुरुषास जोन्सकडून एक कृत्य करवून घ्यावयाचे आहे. जोन्स विपरीत निश्चय करू लागला, तरच त्याचे मन वळवावयाचे, एरवी स्वस्थ बसावयाचे, असा त्याचा बेत. जोन्स आपल्याच कारणांनी ते कृत्य करतो. ब्लॅकला बोटही हलवावे लागत नाही. अन्यथा करणे जोन्सला शक्य नव्हते, तरी कर्तृत्व त्याचेच. कारण ब्लॅकला वगळले तरी कृत्य जसेच्या तसे राहते.

यावर डेव्हिड विडरकर याने १९९५ साली मार्मिक आक्षेप घेतला. जोन्स काय ठरविणार, हे ब्लॅकला आधी कळते कशावरून? पूर्वचिन्ह अचूक असेल, तर निश्चय आधीच ठरून गेला, आणि अशा कर्त्यास जबाबदार धरावे की नाही हाच तर वाद! चिन्ह चुकू शकत असेल, तर जोन्सला अन्यथा ठरविण्यास वाव राहिलाच.

आक्षेप बळकट आहे. तथापि फ्रँकफर्टने केलेला एक भेद त्यामुळे निकामी होत नाही, असे आम्हास वाटते. ‘दुसरा मार्ग नव्हता’ हे एक. ‘दुसरा मार्ग नव्हता म्हणूनच केले’ हे दुसरे. वरिष्ठाच्या आज्ञेने निरपराध्यास मारणारा ‘मी काय करणार?’ म्हणतो, तेव्हा पहिले खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. आज्ञा येण्यापूर्वीच त्याचा हात उगारलेला होता काय, हे आधी पाहावे लागते. आणि ते पाहणे, कर्त्याचे मन बाहेरून दिसत नसल्याने, फार कठीण आहे.