जलपर्णीचा मुरघास रेड्यांना चालेल का?

प्रश्न : मी मांसासाठी रेडे वाढवतो. उल्हास नदीतली जलपर्णी फुकट मिळते. मुरघास केला की तिच्यातला दोष जातो ना?
– एक पशुपालक, कल्याण

उत्तर : नाही. आंबवल्याने शिसं, कॅडमियमसारखे जड धातू जात नाहीत, आणि जलपर्णी ते पाण्यातून शोषून घेते. उल्हासमध्ये सांडपाणी मिसळतं, त्यामुळे तिथली जलपर्णी घालूच नका. शिवाय तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, ओलीच भरली तर सडते. मुरघासाचा विचार मात्र सोडू नका. मका उत्तम, नाहीतर बांधावर संकरित नेपियर लावा. नेपियर कापून थोडा सुकवा, कुट्टीवर गूळपाणी शिंपडा, पिशवीत दाबून हवाबंद करा आणि साधारण ४५ दिवसांनी उघडा. बुरशी आलेला भाग फेका. आधी थोडी जलपर्णी घातली असेल तर घाबरू नका, आजपासून थांबवा.