दोन रेघा आणि कांद्याची बोली

अगं, परवा गडावरून उतरल्यावर नांदुरीला चहा घेताना तू कानात विचारलंस, "ताई, दोन रेघा तर रोज येतात, मग दिवस का राहत नाहीत?" तिथे सगळी मंडळी होती. आता ऐक.

ही बीज सुटण्याची पट्टी गरोदरपणाच्या पट्टीसारखी वाचायची नाही. तिथे पुसट रेघ आली तरी आपण पेढे मागवतो. इथे टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. पुसट म्हणजे नाहीच.

पट्टी लघवीतलं एलएच हार्मोन पाहते. बीज सुटायच्या २४ ते ३६ तास आधी ते एकदम उसळतं. पण पीसीओएस असलेल्या आपल्यासारख्या बऱ्याच जणींचं एलएच एरवीही चढलेलंच असतं, म्हणून पट्टी उगाच हो म्हणते. कधी उसळी खरी असते, तरी बीज सुटत नाही. आपल्या कळवणच्या मार्केटात कांद्याची बोली झाली की लगेच पैसे हातात येतात का? वजन व्हायचं असतं, हिशोबपट्टी व्हायची असते. तसंच हे.

मी खुळी, पाळी ४५-५० दिवसांनी येत असताना दहाव्या दिवसापासून पट्ट्या बुडवायची. पाकिटं संपायची, पाळीचा पत्ता नाही. वर नवऱ्याला तारखा द्यायच्या. बिचारा कांदा भरायचा सोडून यायचा! त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी जवळ या, तारखेचं भूत उतरेल.

पट्टी वापरायचीच असेल तर आधी दोन तास लघवी रोखून धर, भांडंभर पाणी पिऊ नकोस. गडद रेघेनंतर सातेक दिवसांनी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करून घे. बीज सुटलं का ते तिथे कळतं. नाहीतर फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीज सुटतच नसेल तर डॉक्टर बहुधा आधी लेट्रोझोल देतात. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नकोस. तीन-तीन महिने पाळी न येणं अंगावर काढू नकोस, आतलं अस्तर जाड होत जातं. आणि भाऊजींचीही तपासणी एकदा होऊ दे, साधी असते.

नाशिकला डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर सांग, सकाळच्या एसटीने दोघी जाऊ. सासूबाईंना काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं.