भातशाची पातळी रोज, पाड्यावरचा टँकर कधीतरी

प्रश्न : किन्हवलीला येणारा पेपर मुंबई-ठाण्याचा असतो. पावसाळ्यात त्यात भातसा आणि तानसा किती भरले याचे आकडे रोज येतात. ही दोन्ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यातली. पण उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर आला की नाही, याची बातमी एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या दिवशी येते आणि संपते. काय छापायचे हे कोण ठरवतो? मालकच का?
– एक वाचक, किन्हवली (ता. शहापूर)

उत्तर : मालकच ठरवतो, पण त्यासाठी त्याला रोज संपादकाला फोन करावा लागत नाही. कुठल्या गावात वार्ताहर ठेवायचा, त्याला काय मानधन द्यायचे, ग्रामीण भागाला पेपरात किती जागा सोडायची, हे आधीच ठरलेले असते. पेपर विकून कागद-छपाईचा खर्च भागत नाही, तो जाहिरातींवर भागवावा लागतो. फ्लॅट, गाड्या, दागिने यांच्या जाहिराती देणाऱ्याला शहरातला वाचक हवा असतो, आणि त्या वाचकाच्या नळाला भातशाचे पाणी येते. म्हणून धरणाची पातळी रोज छापली जाते. पाड्यावरून जाहिरात येत नाही. उलट वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी स्थानिक पुढाऱ्यांच्या जाहिराती आणण्याचे काम अनेकदा तालुक्याच्या वार्ताहरावरच पडते. ज्यांच्याकडे जाहिरात मागायची, त्यांनाच पाणीयोजना का रखडली हे विचारायला त्याला किती जड जात असेल!

समाजशास्त्रात या प्रश्नावर जुना वाद आहे. ज्यांच्या हाती संपत्ती त्यांचेच विचार समाजावर चालतात, असे मार्क्सने मांडले. राल्फ मिलिबँडने १९६९ मध्ये तेच सूत्र वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीला लावले. ग्राम्शीच्या विचारांवर पुढे काम करणाऱ्यांचे म्हणणे वेगळे : मालकाने हुकूम देण्याची गरजच नसते, कारण संपादक आणि बातमीदार त्याच शहरी मध्यमवर्गातून येतात आणि मोठी बातमी कोणती हे त्यांना त्याच नजरेतून दिसते. बहुविधतावादी अभ्यासक हे दोन्ही नाकारतात. वाचक जे घेतो तेच विकले जाते, न आवडणारा पेपर आपोआप बंद पडतो, असे ते म्हणतात.

मराठी पत्रांचा इतिहास यांतल्या कुठल्याच एका मतात पुरता बसत नाही. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी बिनसले, १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांना ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढावे लागले. खुर्ची संपादकाची असली तरी पत्र कोणाच्या मतांवर चालणार, हे तिथे स्पष्ट दिसले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ करूनही ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने घेतली नाही, ही गोष्ट बाबासाहेबांनीच पुढे नोंदवून ठेवली. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडला. ज्या वाचकाकडे अंक घ्यायला पैसे नाहीत, त्याच्या आवडीने बाजार चालतो असे कसे म्हणायचे? बहुविधतावाद्यांचा युक्तिवाद मला इथेच लंगडा वाटतो.

पण मालकाच्या हातून चांगलेही घडते. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला. अमेरिकेत शिकून आलेल्या या मालक-संपादकाने गावोगावच्या बातम्या आणि बाजारभाव यांना दैनिकात मानाची जागा दिली. १९८५ मध्ये ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे गेला. ‘लोकमत’ काँग्रेसचे नेते जवाहरलाल दर्डा यांच्या घराण्याचा, ‘सामना’ शिवसेनेच्या ठाकरे गटाचा. वाचकाला ही नाती ठाऊक असतात आणि तो तेवढे वजा करून वाचतो. वाहिन्यांचे तसे नाही. २०१४ मध्ये नेटवर्क १८ समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यातली मराठी वाहिनी पाहणाऱ्या कितीजणांच्या ते लक्षात आले असेल?

सर्वांत वाईट प्रकार पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापण्याचा; त्यात पैसाच लपवला जातो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका पुढाऱ्याची स्तुती करणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये ते उघड केले. प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने मात्र तो तेव्हा पूर्ण प्रसिद्ध केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आल्यावर २०११ मध्ये तो लोकांपुढे आला. पेपरांबद्दलची ही बातमी लोकांना मिळाली, तीही एका पेपरामुळेच. म्हणून सगळे विकले गेले आहेत असे मी म्हणणार नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पेपराच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव असते, ते वाचा. १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे. मालक कोण आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचे, याची नावे त्यात असत. वाचनालयात मार्चचे जुने अंक काढून ती पाहा. आणि या उन्हाळ्यात टँकर कोणत्या पाड्यावर कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला आला नाही, याची वही ठेवा. तिची एक प्रत तालुक्याच्या वार्ताहराला द्या, दुसरी संपादकांना पत्रासोबत पाठवा. छापले नाही तर दुसऱ्या पेपराला पाठवा, आणि आम्हालाही कळवा.