दिल्ली ते टोकियो : एक अंतर, दोन प्रवासकाल

दिल्लीहून रात्री ८ वाजता निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता टोकियोस उतरते. टोकियोहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता दिल्लीस पोहोचते, असे समजू या. घड्याळातील वेळांची नुसती वजाबाकी केल्यास जाण्यास साडेअकरा तास आणि परतण्यास अवघे सहा तास, असे उत्तर येईल. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे.

वेळापत्रकात प्रत्येक शहराची वेळ तेथील प्रमाणवेळेनुसार छापतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून, तर जपानची १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. अंतर साडेबावन्न अंशांचे. दर अंशास ४ मिनिटे याप्रमाणे २१० मिनिटांचे, म्हणजेच साडेतीन तासांचे. ते जाताना वजा केले व येताना मिळविले, की जाण्याचे ८ तास आणि परतीचे साडेनऊ तास होतात. विनाथांबा विमानांना या मार्गावर साधारणतः एवढाच वेळ लागतो.

परतीस दीड तास अधिक का? विमान हवेत असताना खालून पृथ्वी फिरते, असा तर्क वर्गात हटकून ऐकू येतो. परंतु पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. शिवाय हा तर्क खरा असता, तर पश्चिमेकडे परतणारे विमानच लवकर पोहोचले असते.

खरे कारण वारा हे होय. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात आशिया खंड थंड आणि दक्षिणेकडील सागरी प्रदेश उष्ण, त्यामुळे जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली व १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. जगाला कळावे म्हणून निवडलेली ती भाषा वाचणारे थोडेच निघाले!

पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यास या शहरांमधील अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर भरते. हा दोरा हिमालय व तिबेटवरून जातो. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते; तिबेटचे पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. म्हणून विमाने सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात व प्रत्यक्ष मार्ग लांबतो.

शिक्षकांना यातून एक चांगले उदाहरण मिळते. विमानाचा वेग ताशी ९०० व वाऱ्याचा १०० किलोमीटर धरावा. ४,००० किलोमीटर जाण्यास ४ तास, परतण्यास ५ तास, एकूण ९ तास. वारा नसता तर हीच फेरी ८ तास ५३ मिनिटांत झाली असती. ही ७ मिनिटे कोठे गेली, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.